आधी ओठ दाखवा

…अन् वरून मलाच म्हणतेत, मंजुषा लई संशयी हाय! आता तुमीच सांगा, पहिलटकरीण बाई, नववा लागलेला, अन् वसमतच्या डॉक्टर मॅडम विचारतेत, "आधी कधी खाली फोड आले होते का?" मी बापडी खरं बोलून बसले, व्हय, तीन वर्षांमागं आले होते, उष्णता समजून सब्ज्याचं पाणी पिले, आठ दिवसांत गेले. मॅडम म्हणे, ते हर्पिस. एकदा शिरलं की अंगात झोपून राहतं. बाळंतपणाच्या दिवशी उठलं अन् फोड दिसले तर सिझर, न्हाई तर नॉर्मल. जुनं हाय म्हणून लेकराला धोका कमी, आजपासून गोळ्या घ्या. धोका कमी! पण कमी म्हंजे किती कमी?

मी संशयी न्हाई हो, तुमाला सांगते, पण पहिला संशय नवऱ्यावरच जाणार ना? हरीशरावांचं वारंगा फाट्यावर टायरचं दुकान, मी इकडं हट्टा गावी माहेरी. फोन लावला, म्हनलं हे दुखणं कुठून आणलं तुमी? त्यांनी देवीची शपथ घेतली, अन् मग हळूच म्हणतेत, "काहून, तू कुठून आणलंस?" झालं! दोन दिवस फोन बंद. शेवटी मॅडमनंच सांगितलं की हे लग्नाच्या आधीपासून कुणाच्याही अंगात गुपचूप असू शकतं, ज्याचं त्यालाही ठाव नसतं, भांडून उलगडा व्हायचा न्हाई. मग आमी संशय निम्मा-निम्मा वाटून घेतला.

त्यात माझी माय. गोळ्या मी शेवयांच्या डब्यात लपवल्या, तिनं नेमक्या त्याच दिवशी शेवया काढल्या! सांगावं लागलं. लगेच गेरूची काव उगाळून आली, "नागीण हाय ती, तोंडाला शेपूट मिळायच्या आत काव लावते, दाखव कुठं हाय." म्हनलं माय, एक तर ती नागीण न्हाई, अन् दुसरं म्हंजे ती दाखवण्याच्या जागी न्हाई! तवा कुठं काव घेऊन माघारी गेली.

मग माझा माझ्याच अंगावर संशय. मुंगी चावली तरी, आलं वाटतं! घाम आला तरी, आलं वाटतं! कळा सुरू झाल्या तशी मॅडमनं दिवा धरून तपासलं, म्हणे साफ हाय. मी म्हनलं, पुन्हा बघा. बघितलं. मी म्हनलं, आणखी एकदा… सिस्टर म्हणे, "ओ ताई, लेकराला बाहेर तरी येऊ द्या!" नॉर्मल झाली. पोरगी. छातीवर ठेवली तवा मी ढसाढसा रडले, अन् रडता रडता तिला डोक्यापासून टाचेपर्यंत तपासलं. एक पुळी न्हाई!

आता तरी संपावं ना? न्हाई. घरी सोडताना मॅडम म्हणे, ज्याच्या ओठावर फोड असंल त्याला मुका घेऊ देऊ नका, तो आजार ह्याचाच सख्खा भाऊ, तान्ह्याला झेपत न्हाई. आता आपल्याकडं कुणाच्याबी ओठावर ते फुटतं अन् लोकं म्हणतेत, ताप बाहेर पडला, चांगलं झालं!

म्हणून बाराव्या दिवशी बारशाला मी उंबऱ्यातच उभी. आधी ओठ दाखवा, मग आत. सासूबाई म्हणे, "मी काय बाजारातली म्हैस हाय का, तोंड उघडून बघायला?" मी संशयी न्हाई हो, पण म्हशीला तरी कोण न बघता आणतं? अन् नणंद आली, ऐश्वर्या, ओठाला ही गडद लाली! खाली काय झाकलंय? पुसायला लावली. बिचारी रुसली, पण ओठ साफ. अन् तुमाला रीत ठावच हाय, आत्या पाळण्यात वाकून कानात कुर्र करते अन् बाया तिच्या पाठीत दणादण धपाटे घालतेत. हर धपाट्याला तिचं तोंड लेकराच्या गालाकडं! मी आपला तळहात आडवा धरून उभी. नाव ठेवून झालं, ऐश्वर्या पाठ चोळत उठली, माझ्याकडं निरखून बघितलं अन् म्हणते, "वहिनी, तुमच्या ओठावर काय फुटलंय?"

सकाळपासून चुणचुणत होतं हो. मला वाटलं, ठेच्यानं!

तशीच लेकरू घेऊन वसमतला पळाले. मॅडमनं बघितलं, लेकरू ठणठणीत. ओठावरचंबी तुमच्या अंगात आधीपासून झोपलेलं, जागरणानं उठलंय म्हणे. हात धुऊन दूध पाजा, मास्क लावा, अन् खपली पडेस्तोवर मुका बंद. साऱ्या गावात एकटी मीच सापडले!

आता मी मास्क लावून कोपऱ्यात, अन् हरीशराव लेकरू मांडीवर घेऊन बसलेत. काल मला म्हणतेत, "जीव नको जाळू, तुझ्या वाटचा मुकाबी मीच घेतो."

म्हनलं, घ्या बाबा… पण तळपायाचा घ्या.