पुट अप विथ आणि वरच्या जबड्याचं माप

नाही नाही, हलू नका सर, जीभ मागे, श्वास नाकाने — बस्स, असंच. दातांचं माप म्हणजे काही विशेष नाही, हा गुलाबी लगदा घट्ट होईपर्यंत ट्रे दाबून धरायचा, तो मी धरतोय, तुम्ही फक्त बसून राहायचं. मॅडम शेजारच्या खोलीत एकाची अक्कलदाढ काढतायत, ती काही लवकर निघणाऱ्यातली नाही. तोवर एक विचारू का? बाहेर तुमच्या मिसेसनी सांगितलं ना, की तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत — तेव्हा माझ्या हातातली पावडरच सांडली. मी कधीचा वाट बघतोय, की कुणीतरी इंग्रजीचा मास्तर यावा आणि त्याचं वरच्या जबड्याचं माप असावं. खालच्याला लोक अर्धंमुर्धं बोलतात हो. वरच्याला चिडीचूप. आपण असं करू — हो असेल तर एक बोट, नाही असेल तर दोन. कळलं? एक बोट. छान.

तर सर, 'पुट अप विथ'. भुवया उंचावू नका, ट्रे हलतो. बाहेर फळ्यावर निळ्या पेनाने लिहिलंय ना, तेच. आमच्या मॅडमचं म्हणणं, दवाखान्यात सगळ्यांना इंग्रजी आलं पाहिजे — कशाला? तर पेशंटला धीर येतो म्हणे. म्हणून दर आठवड्याला फळ्यावर असं एक काहीतरी, आणि शनिवारी प्रत्येकाने उभं राहून त्याचं वाक्य करायचं, तेही दवाखान्यातल्याच कुणावर नाहीतर कशावर. मागे एकदा 'लुक आफ्टर' होतं, तर आम्ही आठवडाभर एकमेकांची काळजी घेत बसलो आणि पेशंट बाहेर गाल धरून. या खेपेला हे. सफाईच्या मावशी म्हणाल्या, आय पुट अप विथ फिनाईल. मॅडम म्हणाल्या, गुड. मग काउंटरवरची — तिला आम्ही घंटी म्हणतो, बाहेर एकच पेशंट असला तरी घंटी वाजवूनच बोलावते म्हणून — ती उभी राहिली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, ‘आय कॅन पुट अप विथ हिम.’ मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मावशींनीही वाजवल्या. मी तेवढा वाजवायचा राहिलो, का — तर सर, ते मला दिलेलं उत्तर होतं.

कशाचं उत्तर? तेच सांगतोय, गिळू नका, लाळ गळू दे, गळ्यातला रुमाल त्यासाठीच आहे. त्याचं असं झालं, घंटी झोपेत दात खाते. मॅडम म्हणाल्या, रात्री घालायचं कव्हर करून देऊ, तू माप घे. आता माझं असं आहे सर, समोरच्याला बोलता येत असलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. शाळा त्यापायीच सोडली — उठून वाचायला सांगायचे आणि अख्खा वर्ग वळून बघायचा. पण माप घेताना मी अगदी मोकळा असतो, कुणालाही विचारा. म्हणजे त्यांना तेव्हा काही बोलता आलं नसेल, पण विचारा. तर तिचा ट्रे बसवला आणि एका दमात म्हणालो, माझ्याशी लग्न कराल का. आणि वर म्हणालो, लगेच उत्तर द्यायला पाहिजे असं नाही. ती देणार कसं? नुसती बघत राहिली, डोळ्यांतून पाणी — ते सगळ्यांच्याच येतं, तुमच्याही येतंय, त्यावरून काही धरता येत नाही.

अर्थ मी शोधला नाही असं समजू नका. मोबाईलवर बघितला. सहन करणे, सोसणे, चालवून घेणे, खपवून घेणे — वाचत गेलो आणि आमचं घरच डोळ्यांसमोर आलं. आई सोसते, गुडघे सोसते, जिना सोसते. बाबा चालवून घेतात, पंख्याचं एक पातं गेलंय तरी म्हणतात, दोन आहेत की. आणि आमचा मामा, मी शाळेत असताना दोन दिवसांसाठी म्हणून आला, तो अजून स्वयंपाकघराच्या दारात आडवा झोपतो, सकाळी आम्ही त्याला ओलांडून चहा करतो — त्याला सगळे खपवून घेतात. मग यात मी कोण? सांगा ना सर. तिच्या लेखी मी गुडघा, पंखा की मामा? मामा? एक बोट? — अच्छा, नाक खाजवत होतात. बरं.

घाई अशी आहे, की समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्यानेही तिला विचारलंय. तो बोलतो हो. तोंडावर बोलतो, इंग्रजीतही बोलतो. त्याला ती आज जेवणाच्या सुट्टीत उत्तर देणार आहे, मावशींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. म्हणजे त्याआधी मी जाऊन काहीतरी म्हणायला हवं, आणि काय म्हणू? थँक्यू म्हणू की माफ करा म्हणू? एकच सांगा — ‘सांभाळून घेणे’ त्यात बसतं का? मला कुठे सापडलं नाही, पण नवीन माणसाबद्दल म्हणतात ना, जरा सांभाळून घ्या, तसं. बसतं? …दोन बोटं. ठाम आहेत तुमची बोटं, मास्तरांचीच.

मग दुसरं विचारतो, रागावू नका. मघाशी तुमच्या मिसेस म्हणाल्या, हे फार वाद घालतात, आणि तुम्ही लगेच वाद घातलात की मी घालत नाही. मग त्यांनी तुमचा चष्मा काढून पुसला आणि परत तुमच्या नाकावर ठेवला. तर त्या तुम्हाला पुट अप विथ करतात? …एक. आणि तुम्ही त्यांना? …तेही एक. आणि हसताय. हसू नका सर, कवळी जन्मभर हसरी बसेल.

घड्याळ कशाला दाखवताय? हो, झाला वेळ, पण अजून मऊच आहे — गार पाण्यात कालवलं की उशिरा घट्ट होतं. फ्रिजमधलं घेतलं मी. थोडा बर्फ. सगळ्यांना नाही घेत, बोलायचं असलं तरच. मॅडमना वाटतं पावडरच वाईट येते, त्या दुकानदाराशी भांडतात बिचाऱ्या. हात का हलवताय? मागे? मागे दार आहे, ते उघडंच असतं, मॅडमची हाक ऐकू —

तुम्ही. तुम्ही काउंटर सोडून इथे कधीपासून? मामापासून? …सुट्टी झाली? मग जायचंय ना तुम्हाला समोर. …आधीच जाऊन आलात. …त्याला नाही म्हणालात? का पण, तो तर — बोलूच देत नाही? अच्छा. …हो, मलाही ऐकावं लागेल कधीतरी, कबूल आहे. आत्ता? इथे बसू, या बाजूच्या खुर्चीत? पण सरांचा ट्रे — सर, जरा धरता का तुम्हीच, अंगठ्याने, असं. अहो, माझे दात चांगले आहेत, माझं माप कशाला — इतकी पावडर नाही घेत, बादलीभर होईल — मी गप्प बसून ऐकतो ना, एवढंच सांगतो आणि मग तुम्ही बो —