बाभळीचा शेंडा

(सणसरच्या शिवारात, कालव्याच्या कडेला. नुकतीच पाडलेली बाभूळ आडवी पडली आहे. शेजारी बारामतीच्या शेटजींची विकाऊ, वापरलेली लॉरी, तिच्यामागे जोडलेला दोन चाकांचा ट्रेलर. लाकडाचा ठेकेदार महिपती आणि लॉरी दाखवायला आलेला ड्रायव्हर अप्पा बोलत आहेत.)

अप्पा : ...म्हणून सांगतो महिपतराव, नुसती लॉरी घेऊ नका. मागं हा ट्रेलर असला म्हणजे पुढं खोडं, मागं फांद्या. एका खेपेत अख्खं झाड गेलं. रानात काही मागं राहत नाही.

महिपती : मला बी तेच पायजे. खोड टाकून यायचं, मग पुन्यांदा फांद्यांसाठी हेलपाटा. निम्मा दिस तितंच जातो.

कुशाबाई : कुणाच्या फांद्या, भावजी?

महिपती : आली! अप्पा, ही आमची वैनी, कुशाबाई. माझ्या चुलतभावाची, दत्तोबाची बायको. लॉरीचा आवाज ऐकला आन आली बघ वास काढत.

कुशाबाई : वास काढत कशाला येतीय? सकाळधरनं हितंच बसलीय. कुणाच्या फांद्या, ते सांगा.

महिपती : झाडाच्या.

अप्पा : बाईंचा यात काय संबंध, महिपतराव? मला शेटजींना जाऊन सांगावं लागेल, गिऱ्हाईक कुठं अडलंय ते.

कुशाबाई : मी सांगते, डायवरदादा. आमच्या लाकूडतोड्या टोळीची रीत हाय. मनगटाएवढं जाड लाकूड ठेकेदाराचं. त्याच्या आतलं, बारीक, शेंड्याकडचं, बाईचं. ज्या बाईचा मालक लाकडाखाली गेला, तिचं. माझा मालक ह्यांच्या कामावर गेला. तवापसनं हे जे झाड पाडतील त्याचा शेंडा माझा. मी मोळ्या बांधती, वालचंदनगरच्या चाळीत नेऊन इकती. सासू, मी आन माझी रतन, तिघींची चूल त्याच्यावर पेटती.

अप्पा : अरेरे. कसे गेले?

कुशाबाई : खोड गाडीवर चढवताना दोर तुटला. खोड माघारी आलं.

महिपती : दोर न्हाय तुटला. त्यानं हात सोडला.

कुशाबाई : दोर तुटला. तुमचा दोर. त्याचं टोक मी हातात घेऊन बघितलंय, उंदरानं खाल्ल्यावाणी झालं हुतं.

महिपती : बघितलं आसंल. तुला काय, तुला दोरातलं काय कळतंय?

कुशाबाई : आन त्याला घरी कसा आणला, ते बी सांगा की डायवरदादांना. पाहुणं हायत, ऐकू द्या. गाडी एकच हुती. मालक माझा बाभळीखाली पडलेला, त्याच्या अंगावर कांबळं टाकलं, आन तेच खोड गाडीत चढवून अगुदर कारखान्यावर धाडलं. गाडी माघारी आल्यावर मग ह्याला घातलं. तवर मी मुंग्या झटकीत बसली हुती.

महिपती : वजनकाट्यावर लाकूड टायमात पोचवायचं हुतं. मेलेल्याला कसली घाई? म्हणून तर लॉरी बघतोय. आता तसं झालं तर दोन्ही एकदम जातील.

अप्पा : महिपतराव, असं बोलू नये हो.

महिपती : का? खोटं बोललो का? तू तुझ्या गाडीचं बोल. मागं जोडचाकं हायत, ते झ्याक हाय. काळ्या रानात रुतणार न्हाय.

अप्पा : लॉरी नाही रुतत. लॉरी एकदम फर्स्ट क्लास. शेटजींनी नवे टायर टाकलेत.

कुशाबाई : आन शेपूट?

अप्पा : कसलं शेपूट?

कुशाबाई : हे मागचं. ह्याला दोनच चाकं हायत, ती बी बारीक. आमच्या रानात पाणी सोडलं की बैल पोटापतूर जातो. लॉरी निघंल बाहेर, शेपूट तितंच राहील.

अप्पा : पाणी सोडलेल्या रानात नाहीच न्यायची हो गाडी.

कुशाबाई : मग कुठं न्यायची? आता समदे उसासाठीच बाभळी काढाय लागलेत. आज बाभूळ पाडली, उद्या पाणी आलं. थांबतंय का कोण तुमच्या गाडीसाठी?

महिपती : वैनी, तुला माझ्या चाकांची काळजी कवापसनं लागली गं?

कुशाबाई : मी रोज डोक्यावर मोळी घेऊन जाती त्या रस्त्यानं. कालव्यावरच्या मोरीला वळण कसलं हाय ते तुमाला गाडीत बसून कळायचं न्हाय. मोळी जरा लांब झाली तर कठड्याला घासती, मला आडवं होऊन निघावं लागतं. तितं एवढं लांबडं धूड वळंल व्हय?

महिपती : अप्पा, वळंल का रं?

अप्पा : आता... तसं बघितलं तर थोडं मागंपुढं करून...

महिपती : मागं कर की आत्ता. दाव करून.

अप्पा : मागं घेताना ट्रेलर दुमडतो, महिपतराव. खोटं कशाला बोलू. हात बसायला लागतो. बारामतीत मी एकट्यानं मागं घेतो, पण तिथं मैदान आहे.

कुशाबाई : मोरीवर मैदान न्हाय. खाली पाणी हाय.

महिपती : गप गं. ब्रेक?

अप्पा : ब्रेक लॉरीला आहे.

महिपती : आन हेला?

अप्पा : याला लॉरीचाच.

कुशाबाई : म्हंजी ओढ्याच्या उताराला ह्यो मागनं ढकलणार, आन पुढं तुमी बसलेलं.

महिपती : बघ अप्पा, कशी बोलती. पुढं मी बसलेलो म्हणताना तिचा चेहरा बघ. लगीन लागल्यावाणी फुललाय.

कुशाबाई : मी तुमच्या भल्याचं सांगती.

महिपती : माझ्या भल्याचं? पोटातलं बोल की सरळ.

कुशाबाई : बोलती. शेपूट आलं की माझा शेंडा गेला. झालं? शेपटात घालायला फांद्या पायजेत म्हणून तर तुमी ते घेताय. मी काय नेणार मग, झाडाच्या साली? घ्यायचंच असलं तर लॉरीला पुढं दोर वढायचा रहाट बसवून घ्या. खोड यंत्रानं वर वढा. कुणी गडी खाली उभा राहायला नको.

अप्पा : हे मात्र बरोबर आहे बाईंचं. शेटजींकडं तसला रहाट पडून आहे, लोखंडी. बसवून देता येईल.

महिपती : लोखंड इकत घ्यावं लागतंय. माणसं चालत येत्यात.

कुशाबाई : आन माझा मालक?

महिपती : तो बी चालतच आला हुता. बोलावला नव्हता कुणी.

अप्पा : राहू द्या. राहू द्या ते. महिपतराव, मी काय म्हणतो, बाईंना थोडा शेंडा सोडा. एवढ्यानं तुमचं काय जाणार आहे?

महिपती : तू नगं मधी पडू. लई गरीब समजू नको हिला. मागं ठमाबाई म्हणून एक म्हातारी आली हुती, चार काटक्या गोळा केल्या तिनं. हिनं दगड घातला तिच्या डोक्यात. म्हातारी अजून एक डोळा मिटून बघती.

कुशाबाई : घातला. परत घालीन. माझ्या शेंड्याला हात लावला तिनं.

महिपती : ऐकलंस?

कुशाबाई : ऐकू द्या. तिचा मालक खोकल्यानं मेला, लाकडाखाली न्हाय. रीत म्हंजी रीत.

महिपती : रीत, रीत! दत्तोबाला जाऊन किती पावसाळं झालं? मेलेल्याला किती दिस जेवू घालायचं मी? त्याच्या तेराव्याला घातलं की.

कुशाबाई : भावजी, पाया पडते. वाटल्यास पडते. पर एवढं डोस्क्यात घ्या, फांदी न्हेण्यात तुमचाच तोटा हाय. माझा शेंडा म्हणून न्हाय सांगत. मी उचलती म्हणून मला ठाव. फांदी म्हंजी निम्मं वारं. एवढा मोठा भारा दिसतो, तोडून मोळी बांधली की एवढीशी. त्या शेपटात काय भराल? काटं आन वारं. ते वारं मोरीवरनं न्यायचं, उतारावरनं न्यायचं, त्याला पेट्रोल जाळायचं. कारखान्यावर काट्यावर चढवलं की मुठीएवढं भरायचं.

महिपती : मुठीएवढं?

कुशाबाई : खोटं असलं तर तिकडं बघा, त्या फांद्यांतनं पल्याडचं रान दिसतंय.

महिपती : अप्पा.

अप्पा : बोला.

महिपती : बाई खरं बोलती.

अप्पा : खरं आहे. मी नाही म्हणत नाही. लाकडं भरून आणायची म्हटल्यावर फांदीला जागा फार लागते. वजन नाही.

महिपती : वारं वाहून न्यायला ट्रेलर घ्यायचा. येडा ठरलो असतो. सोड तो मागचा. शेटजीला सांग, नुसती लॉरी घेतो. रहाट बी नगं.

अप्पा : बघा विचार करून. ट्रेलर नंतर मिळायचा नाही.

महिपती : सोड म्हणलं ना!

कुशाबाई : भावजी! देव तुमचं भलं करो. जीव भांड्यात पडला माझा. काल रातच्याला सासू इचारत हुती, लॉरी येणार म्हणं, आता आपलं कसं. आता सांगते तिला जाऊन. गूळ घालून च्या करते, डायवरदादा, तुमी बी या.

अप्पा : येतो की. चाळीत एवढी मोळी खपते, बाई?

कुशाबाई : खपती म्हंजी? चाळीतल्या बाया वाट बघत असत्यात. नुसती एक तक्रार. धूर लई हुतो म्हणत्यात. भिंती काळ्या हुत्यात, साहेब लोक बोलत्यात.

महिपती : थांब. काय म्हणत्यात?

कुशाबाई : धूर हुतो म्हणत्यात. एकीनं तर मला सांगितलं, मावशी, कोळसं आणा की, शेगडीला बरं पडंल. मी म्हणलं बाई, मी कोळसं कुठनं आणू?

महिपती : अप्पा, फांदीतलं वारं काढलं की काय उरतं रं?

अप्पा : काय उरणार? कोळसा.

महिपती : बाभळीचा कोळसा.

अप्पा : एक नंबर. आमचे मामा मुळशीकडं तेच करतात. भट्टी जागच्या जागी रानातच लावायची. मनगटाच्या आतल्या फांद्याच लागतात त्याला, जाड लाकूड आत कच्चं राहतं. जळून झालं की पोत्यात भरा, खोडांच्या वर टाका, चला. ना ट्रेलर, ना काही.

महिपती : मनगटाच्या आतल्या.

अप्पा : त्याच... अरे. बाई...

कुशाबाई : भावजी, मी म्हणलं ट्रेलर घेऊ नका. शेंडा जाळा, असं न्हाय म्हणलं मी.

महिपती : तूच शिकवलंस की. वारं कशाला न्यायचं? वारं हितंच सोडून द्यायचं. गिऱ्हाईक बी तूच दावलंस. चाळीतल्या बाया कोळसा मागत्यात.

कुशाबाई : जीभ झडो माझी.

महिपती : झडू दे न्हायतर राहू दे. काम झालं तिचं.

कुशाबाई : पंचांपुढं शब्द दिलाय तुमी! माझ्या मालकाला उचलायच्या अगुदर, त्याच्या उशाला उभं राहून! शेंडा वैनीचा म्हणाला हुता. ऐकलंय समद्यांनी.

महिपती : बोलव पंचांना. त्यातला एक गेला वर, त्याच्या सरणाला बी लाकडं माझीच हुती. दुसऱ्याच्या नव्या घराला मीच तुळया दिल्यात. बोलव, येऊ दे त्याला.

कुशाबाई : मी शेंड्यावर बसंन. कुऱ्हाड घेऊन बसंन. बघते कोण पेटवतंय.

महिपती : बस. बाकीच्या गड्यांना काय, तुझ्यासकट भट्टी रचतील.

अप्पा : महिपतराव, हद्द झाली आता!

महिपती : मग जा की बारामतीला. लॉरी इकायची न्हाय का तुला? शेटजीला काय सांगशील, गिऱ्हाईकाची जीभ कडू हुती म्हणून परत आलो?

अप्पा : मी आपला गाडीपुरता आलोय.

महिपती : असं. आता कसं बोललास. वैनी, हे बघ, मी काय अगदीच राक्षस न्हाय. भट्टीपाशी माणूस लागंल ना रं, अप्पा?

अप्पा : लागतो. रात्रंदिवस बसावं लागतं. कुठं फट पडली, आत वारा गेला, की सगळी भट्टी राख.

महिपती : तू बस. गड्याला जे देतो त्याच्या निम्मं देईन, बसूनच तर राहायचंय. रतनला बी आण, दोघी आळीपाळीनं बसा. पर राख झाली तर ती तुझ्या अंगावर.

कुशाबाई : पोरगी नगं. तिचं डोळं दुखत्यात धुरानं.

महिपती : मग एकटी बस.

अप्पा : बाई, मी त्या कोळशाचं बोलायला नको होतं. माझ्या तोंडातून गेलं.

कुशाबाई : तुमी न्हाय बोलला, डायवरदादा. मीच बोलले. आपल्या हातानं आपल्या चुलीत पाणी वतलं मी.

महिपती : बसणार का न्हाय ते सांग. न्हायतर ठमाबाई बसंल. एका डोळ्यानं बी भट्टी दिसती.

कुशाबाई : बसंन.

महिपती : मोठ्यानं बोल.

कुशाबाई : बसंन म्हणलं. घरी दोन शेळ्या हायत, भावजी. त्यास्नी पाला तरी नेऊ का? फांद्या झोडून तेवढा पाला. सासूच्या दुधापुरतं हुईल.

महिपती : पाला? पाल्याचं मला काय करायचंय. ने.

अप्पा : पाला... पाला लागतो, महिपतराव.

महिपती : कशाला?

अप्पा : फांद्या रचल्या की वरनं हिरवा पाला घालतात. दाट. त्याच्यावर माती लिंपायची. पाला नसला तर माती आत गळते आणि भट्टी विझते.

महिपती : मग पाला बी ऱ्हाऊ दे, वैनी.

कुशाबाई : बरं. माती कुठली घ्यायची, तेवढं सांगा.