वसंतभाऊंचे सेफ्टी बूट

सुमनवहिनींना तुम्ही भेटलेले नाहीत, म्हणून सांगतो. त्यांचे यजमान वसंतभाऊ आमच्या कापड कारखान्यात माझ्या शेजारच्या लूमवर असतात. गेल्या वर्षी सुताचा भरलेला बीम त्यांच्या उजव्या पायावर पडला आणि अंगठा मोडला. कामावर इजा झाली तर दवाखाना आणि पगारी सुट्टी कंपनीची, असं आमच्या करारात आहे. पण ऑफिसातल्या साहेबांनी त्याखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"देखो वसंतभाऊ, साफ लिहिलंय. सेफ्टी बूट नसतील तर काही मिळणार नाही. तुम्ही चपलेवर होतात."

भाऊ मान खाली घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी वहिनी लोधीपुऱ्यातल्या घरून तडक ऑफिसात पोचल्या. मागून लंगडत भाऊ, आणि त्यांना धरून मी. वहिनींनी पिशवीतून बूट काढून थेट टेबलावर ठेवले.

"हे तुमचेच ना, साहब?"

"कंपनीचेच. अगदी कोरे आहेत! मग घातले का नाहीत?"

"तुम्ही घाला. दोन पावलं चालून दाखवा."

साहेबांनी ऐटीत एक बूट चढवला. दुसरा चढवताना त्यांचं तोंड वाकडं झालं. दोन्ही बूट डाव्या पायाचे होते! तरी ते हट्टानं उठले, एक पाऊल टाकलं आणि धपकन खुर्चीत परत आले.

"यांनी तीनदा सांगितलं स्टोअरमध्ये, बदलून द्या म्हणून," वहिनी म्हणाल्या.

साहेब बूट काढायला वाकले, तसा वहिनींनी दवाखान्याच्या खर्चाचा आणि पगारी सुट्टीचा फॉर्म पुढे सरकवला.

"उठू नका साहब, सही बसूनच होते."

आणि झाली.