डुप्लिकेटला डुप्लिकेट

बसा. मागचेही बसा. मला उभं राहून फार वेळ बोलवणार नाही.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, नांदेडच्या एका हॉलमध्ये, माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज काढून घेतला गेला. तिचा श्वास थांबला तो शुक्रवारी, इथं लातूरला. शुक्रवारबद्दल बोलायची माझ्यात ताकद नाही. मी मंगळवारचं सांगते.

आमची सुमन सत्तावीस वर्षं सिनेमात पडली. घोड्यावरून पडली, गच्चीवरून पडली, चालत्या ट्रकमधून पडली. पडायची ही, विव्हळायची हिरोईन. तिथं हिला डुप्लिकेट म्हणत. तोंड कॅमेऱ्याकडं वळलं की शॉट वाया. म्हणून आमची सुमन जन्मभर पाठमोरी.

मग अशा स्टंटवाल्यांवरच माहितीपट करायचा म्हणून मंडळी आली. तीन दिवस आमच्या घरी बसली. पडायचं कसं, असं विचारल्यावर ही फरशीवर पडून दाखवायला निघाली. गुडघे गेलेले, हृदय थकलेलं! मी ओरडले. तर म्हणते, "अक्का, पडनं सोपं हाय. पडल्यावर हात वर करायचा असतोय, जिती हाय म्हणून. त्येच लोक इसरतेत."

मंगळवारी तो माहितीपट दाखवला. आजारी असूनही ती हट्टानं आली. पडद्यावर तिचा चेहरा आला. आयुष्यात पहिल्यांदा, समोरून. ओठ हलले. आणि आवाज आला कुण्या परक्या बाईचा. गुळगुळीत. "सोपं आहे." "विसरतात."

सुमननं माझा हात दाबला. "अक्का, मला बी डुप्लिकेट लावली की गं!" आणि हसत सुटली. मागच्या रांगेतून 'शूऽऽ, गप्प' झालं. स्वतःच्याच सिनेमात तिला गप्प बसवलं, बघा.

बाहेर मी दिग्दर्शकांना गाठलं. ते म्हणाले, "मॅडम, त्यांची बोली सगळ्यांना कळत नाही. त्या तुमच्यासारखं बोलल्या असत्या तर..."

माझ्यासारखं! खरं सांगू? मला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवलं होतं, ती घरीच वाढली; सुट्टीला आले की मीच तिला टोकत असे. 'हाय' नव्हे, 'आहे' म्हण. ती म्हणायची, "तूच म्हण की, अक्का. माझ्या वाटचं बी." पुढं मी जन्मभर शाळेत लाल शाईनं लोकांची वाक्यं दुरुस्त केली. त्या दिग्दर्शकांनी जे केलं, त्याची सुरुवात आमच्याच घरात झाली होती. मी केली होती. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही.

आता मी थकले. भांडायचीही हौस उरली नाही. पण दिग्दर्शक आज या शोकसभेला आले आहेत. दाराजवळ, हार घेऊन. तो हार ठेवा तिथंच खुर्चीवर.

साहेब, त्या तीन दिवसांचं तिचं बोलणं तुमच्याकडं जसंच्या तसं आहे. तिचा आवाज तिच्या तोंडाला परत लावणार की नाही? एवढंच सांगा. येत्या रविवारी सकाळी अकराला तिचं पुण्यानुमोदन आहे, तिच्या नावानं बुद्धवंदना. त्याच्या आत सांगा.

मंडळी, उभे राहा. एकच मिनिट शांत राहू. जास्त नको, तिला पुष्कळ गप्प बसवलंय. ज्यांना वाटेल त्यांनी हात वर करा. जयभीम, सुमे.

आणि साहेब, उत्तर लेखी द्या. सहीनिशी. फोन करू नका. तुमच्या फोनवर आवाज कुणाचा येईल, काही सांगता येत न्हाई.