एडक्याची सुई

दात बघा ना, हाजी, दात बघितल्याशिवाय पैसे काढू नका — ओठ असा वर करायचा — घाबरू नका, चावत नाही, माझ्या बायकोपेक्षा गरीब आहे. बघितलं? आता पाठीवर हात फिरवा. असा औलाद जलाल जातीचा एडका जेल्फाच्या अख्ख्या बाजारात दुसरा दाखवा, हा फुकट देतो! शिंगं शाबूत, डोळे स्वच्छ, लंगडत नाही — ईदच्या कुर्बानीला जनावर कसं निर्दोष लागतं ते मला नका सांगू, माझा बाप हेच करत आला, मी हेच करतोय. खोकला? कुठे खोकला? धूळ आहे हो ती. तुम्ही अल्जिअर्सची समुद्रकाठची माणसं, आमच्या माळावरचा वारा तुम्हाला काय माहीत — मीपण खोकतो, हे बघा, खॉक् — मला काय रोग झालाय? हाताला? हाताला काही नाही. काटा लागला. म्हणून ही सरबताची गार बाटली धरलीय. जरा आग होतेय अंगठ्याखाली, बाकी काही नाही. काट्याचं काय एवढं.

घेऊन टाका ना आता. असं करा, थोडे कमी द्या, पण आत्ता उचला — मला घाई? छे, मला कसली घाई — चहा मागवलाय मघाशी, तो तसाच पडलाय बघा. आज उकडतंय का हो फार? नाही? मला मेला घाम सुटलाय. काय? जनावरांचा डॉक्टर? आहेत ना, डॉक्टर नसीमा, फार हुशार बाई. मागे आमच्याकडे मेंढ्या खोकायला लागल्या — आमच्याकडे म्हणजे शेजाऱ्यांकडे, माझ्याकडे नाही — तर स्वतः येऊन सुया देऊन गेल्या. माझी बायको मब्रूका बुरनूस विणते, लोकरीचे झगे, तर तिच्या मागापाशी बसून त्यांनी समजावलं — जंतूच्या पोटात असाच एक माग असतो म्हणे, इवलासा, त्यावर तो आपलं प्रोटीन विणतो, म्हणजे आपलं अंगच विणतो, आणि हे औषध जाऊन नेमका तो माग अडवतं. धागा पुढे सरकत नाही. विणणं बंद, जंतू खलास. मब्रूकाने विचारलं, आणि एडक्याचा माग? तर म्हणाल्या, त्याची घडण वेगळी, तो चालू राहतो. मी म्हटलं, वा, मग एक बाटली घरात ठेवायलाच द्या की! तर बाई अशा भडकल्या! म्हणाल्या, अतिया, ही बाटली तुझ्या हातात कधीच द्यायची नाही. टोचलेल्या जनावराचं मांस कित्येक आठवडे खायचं नाही, आणि माणसाला चुकून टोचलं तर थेट हृदयावर जातं. आधी धडधडतं, मग… उताराच नाही म्हणे त्याला. गार लावायचं आणि दवाखाना गाठायचा, बाटली सोबत घेऊन. मी हसलो. जनावरांत जन्म गेला माझा, मी मला कशाला टोचून घेईन? बाटली काय, बाजारामागे मिळतेच — म्हणजे, मिळत असेल. मला काय माहीत.

हाजी, तुम्हाला नाडी बघता येते का? नाही, सहज विचारतोय. धरा ना, इथे, मनगटाला. पळतेय ना? तुमचीपण अशी पळते का? मधेच अडखळते का? — नोटा नका मोजू. आत ठेवा त्या नोटा. ठेवा म्हणतो ना! तुम्ही यायच्या जरा आधी तो ट्रकवाला भोंगा वाजवत गेला बघा, तेव्हा हा मूर्ख उसळला. काखेमागची कातडी मी चिमटीत धरलेली, दुसऱ्या हातात सिरिंज. अर्धं त्याच्यात गेलं आणि अर्धं — काटा नव्हता तो, हाजी. मी म्हटलं नुसतं खरचटलं असेल, आधी गिऱ्हाईक, मग बघू. खोकला दबला की तुम्ही याला घेऊन जाणार, पुढे अल्जिअर्समध्ये कोण विचारतंय मला? आजारी जनावराची कुर्बानी झाली असती तुमची, आणि ते मांस तुमच्या नातवंडांच्या ताटात पडलं असतं. हो, मीच बोलतोय हे. मला दवाखान्यात तुम्हीच न्यायचं, तिथे बाटली दाखवायची, म्हणजे तुम्हाला कळणारच होतं.

मला भीती वाटतेय हो. लई भीती वाटतेय.

एडका राहू द्या बांधलेला, त्याला काय होतंय, त्याचं भलंच झालंय. तुमची गाडी कुठे लावलीय? माझ्याकडे नाही, मला भाऊ सोडून गेला सकाळी. असे बघत नका बसू, उठा! शिव्या द्यायच्यात ना? द्या, हक्क आहे तुमचा, पण गाडीत बसून द्या. आणि ही घ्या औषधाची बाटली, तुमच्याच खिशात ठेवा. मी बोलायचा थांबलो, की ही डॉक्टरांना दाखवा.