बिनमिठाची पेज

धावड्याची मी, भोकरदन तालुक्यातली. माहेरी काविळीची माळ करायचे, मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवून डोक्यावर ठेवायचे, माळ लांबत लांबत गळ्यात उतरली की कावीळ गेली. सासरी येताना दागिना आणला न्हाई, ही अक्कल तेवढी आणली.

माझी लेक कमल. तिचं आतडं पिळलं, सडलं, शहरातल्या दवाखान्यात बहुतेक कापूनच टाकलं. मंग नळीतून थेट रक्तात खाणं, दुधासारखी पांढरी पिशवी, रोज. काय सांगू तुम्हाला, मी त्या पिशवीला हात जोडायचे! डॉक्टरीण म्हणली, मावशी, पिशवी चालू असली तरी दर दोन तासांनी चमचा चमचा पेज पाजा, उरलेल्या आतड्याला काम पाह्यजे. बरं म्हणलं.

महिन्याभरात पोरीचे डोळे पिवळे. अन् माझ्या, ह्या शहाणीच्या, अंगात माहेर संचारलं. कावीळ म्हणजे पथ्य, तोंड बंद! माळ मागवली, पोरीच्या डोक्यावर ठेवून पदराखाली लपवली, अन् पेज मोरीत ओतून राह्यले. कमल म्हणायची, आई, भूक न्हाई गं, जिभेला चव तरी दे. मी म्हणायचे, गप, नसातून दूध चाललंय राणीला, अजून काय पाह्यजे? डॉक्टरीण विचारायची, पेज चालू आहे ना? पोरीच्या आधी मीच, बराबर चालू आहे. कमल माझ्याकडं पाहायची अन् गप राह्यची.

माळ गळ्यात उतरली. मी वॉर्डात साखर वाटली, खरंच वाटली! अन् पोरगी निव्वळ हळद. डॉक्टरीण रिपोर्ट घेऊन आली, म्हणली, नुसत्या पिशवीवर फार दिवस राह्यलं की लिव्हर बिघडतं, म्हणून तर तोंडानं द्या म्हणलं होतं, मंग पेज चालू असून एवढं कसं वाढलं? कमल तवाही बोलली न्हाई. शेवटी मीच बोलले. पिशवी ज्यानं पांढरी दिसायची ते तेल डॉक्टरणीनं कमी केलं, पेज खरोखर चालू झाली, पुढं आतडं जरा सावरलं, पिशवी सुटली. पण कडक झालेलं लिव्हर माघारी येत न्हाई, म्हणे.

पोरीनं माझी लाज राखली अन् स्वतःचं लिव्हर घालवलं.

आता माझ्यापाशीच आहे. लिव्हरपायी पोटात पाणी साठतं, म्हणून मीठ बंद. मी वाटी घेऊन बसते, ती डोळे मिटूनच विचारते, आज मोरीत ओतली का गं? हसते ती. मीही हसते, काय करू. तुमच्या लेकीबाळी धडधाकट राहोत, बाबा. कमल चार चमचे घेते, पाचव्याला तोंड फिरवते. उरलेली ओतवत न्हाई मला. मीच पिते, बिनमिठाची.