दलदलीची तब्येत

दवाखान्याच्या बाकावर शिंप्याशेजारी एक मावशी आणि तिची भाची बसल्या होत्या. भाचीच्या बुटांवर ओला चिखल होता. शिंप्याचं दुकान नदीकाठच्या दलदलीजवळच, म्हणून त्यांचं बोलणं सुरू होताच त्याने कान टवकारले.

"तपासलीस ती दलदल?"

"हो. पाणी पाहिलं, गोगलगायी मोजल्या. ठणठणीत आहे. आता बुजवणार नाहीत."

"अगं, डासांचं आगर आहे ते!"

"पुराचं पाणी तीच पिते, मावशी. म्हणून तुझा उंबरठा कोरडा राहतो."

"असं होय? मग तपासायला कुणी सांगितलं?"

"निनावी तक्रार आली होती. अक्षर ओळखलं मी."

"...अहवालात काय लिहिलंस?"

"एका जागरूक नागरिकामुळे पाहणी झाली."

"जागरूक? मग नाव घालायला काय झालं होतं तुला!"